तेरावा महिना, आठवा ग्रह

आपल्या देशात वर्षभरात पडणाऱ्या पावसापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नैर्ऋत्य मोसमी वारे आणतात. भूगोलाच्या तासाला हे वाक्य आपण कितीदा तरी उच्चारतो. ‘नैर्ऋत्य’ या शब्दाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. (रफार गाळून तो लिहिण्याची तर बऱ्याच जणांना सवयच आहे.) या दिशेची स्वामिनी निर्ऋती. वैदिक वाङ्मयात निर्ऋती म्हणजे ऱ्हास, नाश, विस्कटून जाणे. ‘ऋ’ या धातूचा अर्थ जाणे, गती. त्याला ‘निर्’ हा उपसर्ग लागला की मार्ग सुटणे, मोडून जाणे असा अर्थ निघतो. याच धातूशी ‘ऋतु’ आणि ‘ऋत’ या दोन शब्दांचे नाते जोडले जाते. म्हणजे ज्या ऋतूवर आपली सारी शेती अवलंबून, तो येतो निर्ऋतीच्या दिशेने! हा शब्दांचा योगायोग झाला, त्यातून काही सिद्ध करायचे नाही. पण सुव्यवस्था आणि अव्यवस्था या दोन कल्पना आपल्या परंपरेत किती जवळजवळ नांदत आल्या आहेत, हे पाहायला तो सोयीचा आहे.

ऋत म्हणजे काय? सूर्य रोज उगवतो, नद्या समुद्राकडे वाहतात, ऋतू पाळीपाळीने येतात, यज्ञातली कर्मे ठरल्या क्रमाने होतात आणि माणूस दिलेला शब्द पाळतो. या सगळ्यांसाठी वैदिक ऋषींनी हा एकच शब्द वापरला. त्याच्या उलट ते ‘अनृत’. मराठीत या शब्दाचा ‘खोटे’ एवढाच अर्थ उरला, पण मुळात त्याचा आवाका मोठा होता. आजच्या ‘निसर्गनियम’ या कल्पनेची ऋताशी गल्लत मात्र करू नये. निसर्गाचा नियम मोडत नाही. तो मोडलेला दिसला तर आपण त्याची मांडणीच चुकली असे म्हणतो. ऋत मोडू शकते, झिजू शकते, म्हणून ते राखावे लागते. त्याचा राखणदार वरुण, आणि राखण्याचे साधन यज्ञ.

राखायचे तर मोजावे लागते, हे या लोकांना फार लवकर उमगले होते. अग्निचयन नावाचा एक मोठा यज्ञविधी होता. त्यासाठी पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराची चिती विटांनी रचीत. विटांचे पाच थर, प्रत्येक थरात दोनशे विटा, एकूण एक हजार. विटांचे आकार वेगवेगळे, पण क्षेत्रफळाची बेरीज ठरल्याप्रमाणेच यायला हवी. शुल्बसूत्रांतली भूमिती या गरजेतून वाढली. पायथॅगोरसच्या नावाने आपण शिकवतो तो सिद्धान्त बौधायनाच्या शुल्बसूत्रात सापडतो, तो दोरी आणि विटांच्या याच व्यवहारात.

आता यातली एक गंमत. ही काटेकोर रचना सुरू करण्यापूर्वी निर्ऋतीसाठी तीन काळ्या विटा ठेवाव्यात असे शतपथ ब्राह्मण सांगते. त्या ठेवायच्या नैर्ऋत्येकडे, जमिनीला आपोआप पडलेल्या भेगेच्या जागी. ठेवून झाल्यावर मागे न पाहता परतायचे. हजार विटांच्या हिशेबात या तीन धरलेल्या नाहीत. पण त्या ठेवल्याशिवाय हजारांची सुरुवातही होत नाही. अव्यवस्थेला मारून टाकावे, असा हा विचार नव्हे. तिला तिचा वाटा द्यावा, आपल्या हिशेबाच्या बाहेर तिला जागा नेमून द्यावी आणि मग आपले काम करावे, अशी ही भूमिका आहे.

पुढच्या अडीच-तीन हजार वर्षांत या ‘हिशेबाबाहेरच्या’ वस्तूंचे काय झाले, हा मला ज्योतिषशास्त्राच्या इतिहासातला सर्वांत रंजक भाग वाटतो. (येथे ज्योतिष म्हणजे ग्रहगणित, फलज्योतिष नव्हे.) त्यांपैकी काही हिशेबात आल्या, काही अर्ध्याच आल्या, आणि एक अजूनही बाहेर उभी आहे.

पहिली वस्तू तेरावा महिना. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असतो. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस आणि काही तास. ऋतू मात्र सूर्याच्या सुमारे ३६५ दिवसांनी फिरून येतात. दरवर्षी जवळजवळ ११ दिवसांची तूट पडते. तिकडे दुर्लक्ष केले तर महिने ऋतूंमधून मागेमागे सरकत जातात. हिजरी कालगणनेत ते तसे सरकू देतात, म्हणून रमझान कधी उन्हाळ्यात येतो, तर कधी हिवाळ्यात. आपल्याकडे कृत्ये ऋतूंशी बांधलेली असल्यामुळे असे करून भागणार नव्हते.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात वरुणाचे एक सूक्त आहे (१.२५). वरुणाला काय काय ठाऊक आहे हे त्यात सांगितले आहे. पक्ष्यांची आकाशातली वाट त्याला ठाऊक, समुद्रावरल्या नावा ठाऊक, बारा महिने ठाऊक; आणि त्यांच्यावर जो आणखी एक जन्माला येतो, तोही ठाऊक. हा जास्तीचा म्हणजे अधिक महिना, असाच अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. ऋताच्या राखणदाराच्या ज्ञानात क्रमाबाहेरचा महिनाही मोडतो, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पण सगळ्यांना तो वरुणाइतका मानवला नसावा. यजुर्वेदात त्याच्यासाठी जी नावे येतात, त्यांत एक आहे ‘मलिम्लुच’, म्हणजे चोर किंवा दरोडेखोर! बारा भावंडांच्या घरात आगंतुकासारखा घुसलेला हा महिना. पुढे त्याला ‘मलमास’ म्हणू लागले आणि लग्नमुंजी त्याच्या वाट्याला येईनाशा झाल्या.

गणितज्ञांनी या चोराचा माग काढला. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने दिलेल्या आकड्यांवरून ४३,२०,००० वर्षांच्या एका महायुगात १५,९३,३३६ अधिकमास येतात. वर्गात हा भागाकार करायला द्यावा. उत्तर येते सुमारे २.७११ वर्षे, म्हणजे साडेबत्तीस सौर महिन्यांना एक अधिक महिना. तो नेमका कोठे घालायचा याचा नियमही तितकाच सुटसुटीत आहे. ज्या चांद्रमासात सूर्य एकही राशी ओलांडत नाही, म्हणजे ज्यात संक्रांत येत नाही, तो अधिक. राजाज्ञा नको, पुरोहितांची सभा नको, आकाशच ठरवते. २०२० साली अधिक आश्विन आला, २०२३ साली अधिक श्रावण. क्वचित याच्या उलट होते. हिवाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असल्यामुळे सूर्य राशी लवकर ओलांडतो, आणि एकाच चांद्रमासात दोन संक्रांती येऊन एक महिना गळतो. हा क्षयमास. तो १९८२-८३ मध्ये आला होता, आता यायचा तो २१२३-२४ मध्ये.

गणिताने चोराला घरचा केला, तेव्हा कथेनेही केला. या महिन्याला कोणी देवता स्वामी म्हणून मिळेना, सगळे त्याला हिणवीत, म्हणून तो विष्णूकडे गेला आणि विष्णूने त्याला आपले नाव दिले, अशी पुराणकथा आहे. मलमासाचा पुरुषोत्तममास झाला. आपल्याकडे तोच धोंड्याचा महिना. जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे ते याच महिन्यात. तेहेतीसच का, याची उत्तरे बरीच दिली जातात. वर्षाला ११ दिवसांची तूट धरली तर तीन वर्षांची ३३ होते, एवढे मात्र विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखवता येईल. अनारशांचा आकडा तेथूनच आला असा माझा दावा नाही.

दुसरी वस्तू राहू. त्याची गोष्ट एवढी सरळ नाही.

ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानू नावाच्या असुराने सूर्याला अंधाराने वेधले आणि अत्रीने तो सूर्य पुन्हा शोधून काढला, अशी कथा आहे. ग्रहणाचा आपल्याकडचा हा फार जुना उल्लेख होय. ऋताचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे रोजचा सूर्य, आणि तोच भरदिवसा विझतो. याहून मोठी अव्यवस्था कोणती? पुढे समुद्रमंथनाच्या कथेत हाच असुर देवांच्या पंक्तीत वेष पालटून बसतो. सूर्यचंद्र चुगली करतात, विष्णू त्याचे डोके उडवतो. पण अमृत घशापर्यंत गेलेले असल्याने डोके मरत नाही. ते सूड म्हणून सूर्यचंद्रांना गिळते, आणि धड नसल्याने गिळलेले पुन्हा बाहेर पडते. ग्रहण सुटते का, याचेही उत्तर या कथेत आहे. कथा म्हणून ती चोख बांधलेली आहे, यात शंका नाही.

ज्योतिष्यांना ती पुरेना. आर्यभटाने एका वाक्यात सांगून टाकले की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी छाया झाकते. चंद्राची कक्षा सूर्याच्या दिसणाऱ्या मार्गाशी थोडी कललेली आहे. आज हा कल आपण सुमारे ५ अंश ९ कला मानतो, आपले सिद्धान्तग्रंथ साडेचार अंश मानीत. हे दोन मार्ग एकमेकांना ज्या दोन बिंदूंत छेदतात त्यांना ‘पात’ म्हणतात. अमावास्या किंवा पौर्णिमा पातांच्या जवळपास घडली तरच ग्रहण होते, म्हणून दर पंधरवड्याला ते होत नाही. हे पातही स्थिर नाहीत. ते उलट दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. आर्यभटाच्या मते एका महायुगात त्यांच्या २,३२,२२६ फेऱ्या होतात. याही आकड्याने ४३,२०,००० ला भागून पाहा. १८.६ वर्षे येतात, आणि आजचे मूल्यही १८.६ वर्षेच आहे. पुढे या दोन पातांना राहू आणि केतू ही नावे पडली. असुराचे डोके हा आकाशातला एक भूमितीय बिंदू झाला. तेथे काहीही नाही, पण त्याची जागा कोणत्याही दिवसासाठी गणिताने सांगता येते. नवग्रहांच्या ओळीत तो आठवा जाऊन बसला.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेच्या पाचव्या अध्यायात राहूची जी उलटतपासणी घेतली आहे, ती कोणत्याही विज्ञानशिक्षकाने वाचावी अशी आहे. सूर्यग्रहण सूर्याच्या पश्चिमेकडच्या कडेपासून सुरू होते, आणि चंद्रग्रहण चंद्राच्या पूर्वेकडच्या कडेपासून. गिळणारा एकच असेल तर हा फरक का पडावा? चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत सूर्यावर येतो, आणि स्वतः पूर्वेची कड पुढे करून छायेत शिरतो, एवढे मान्य केले की कोडे सुटते. बाराव्या शतकात भास्कराचार्याने असाच एक मुद्दा मांडला. अर्धवट ग्रासलेल्या सूर्याची टोके तीक्ष्ण दिसतात, चंद्राची बोथट. तेव्हा चंद्राला झाकणारी वस्तू चंद्राहून बरीच मोठी असली पाहिजे. शिवाय सूर्यग्रहण एका गावी दिसते आणि दुसऱ्या गावी दिसत नाही. गिळणाऱ्याने गाव पाहून गिळावे काय?

इतके झाल्यावर राहूला निरोप मिळायला हवा होता. तो मिळाला नाही. वराहमिहीरच पुढे म्हणतो की ग्रहणाच्या वेळी दिलेल्या दानाचा आणि आहुतीचा अंश तुला मिळेल, असा वर राहूला ब्रह्मदेवाने दिला आहे. म्हणून तो त्या वेळी तेथे हजर असतो. छायेने ग्रहण होते हेही खरे, आणि राहू तेथे येतो हेही खरे! भास्कराचार्याने शेवटी अशीच तडजोड केली. ब्रह्मगुप्त तर एक पाऊल पुढे गेला. इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्याने राहू नाकारणाऱ्या आर्यभट, वराहमिहीर आदींना वेद-स्मृतींच्या विरोधात जात असल्याबद्दल दोष दिला. आणि मग स्वतः ग्रहणाचे गणित केले ते पृथ्वीच्या छायेचा व्यास काढूनच. त्या गणितात राहूच्या जबड्याला कोठेही जागा नाही.

इ.स. १०३० च्या सुमारास अलबिरुनीने आपल्या भारतविषयक ग्रंथात ब्रह्मगुप्ताला नेमका येथेच पकडले आहे. एवढा श्रेष्ठ गणिती असे का बोलला, याचे त्याला कोडे पडते, आणि सॉक्रेटिसावर जसा प्रसंग आला तसा आपल्यावर येऊ नये म्हणून तर नव्हे ना, अशी शंका तो घेतो. अलबिरुनीचा हा तर्क खरा की खोटा हे ठरवायला आपल्याकडे साधन नाही. मला मात्र त्या तीन काळ्या विटा आठवतात. अव्यवस्थेशी भांडायचे नाही, तिचा वाटा तिला द्यायचा, ही जुनी सवय येथेही दिसते. आहुतीच्या वाट्याच्या बदल्यात राहूने ग्रहणाची वेळ गणितज्ञांच्या हाती सोपवली, असा जणू करारच झाला.

या कराराचा फायदा झाला का? एका अर्थी झाला. छायेचे गणित शतकानुशतके उघडपणे शिकवता आले, त्यासाठी कोणाला तुरुंगात जावे लागले नाही. पण किंमतही पडली. जे पंचांग ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष मिनिटापर्यंत सांगते, तेच वेधही सांगते. आणि मिनिटापर्यंतची अचूकता पाहून लोकांचा विश्वास बसतो तो वेधांवर. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला अनेक शहरांतले रस्ते भरदुपारी ओस पडले होते. आकडा बरोबर आला तरी भीती जात नाही, हे त्या दिवशी दिसले.

शिल्पातही हा करार दिसतो. तेराव्या शतकातल्या कोणार्कच्या नवग्रहपट्टावर राहू अर्ध्या धडाचा आहे, केतूला सापासारखी शेपूट आहे, पण बसले आहेत दोघेही इतर सातांच्या रांगेत. आपल्याकडच्या जुन्या दगडी देवळांच्या उंबरठ्यावर वटारलेल्या डोळ्यांचे, खालचा जबडा नसलेले एक तोंड कोरलेले असते, ते कीर्तिमुख. त्याची कथा राहूशीच जोडलेली आहे. जालंधराचा दूत म्हणून राहू शिवाकडे उद्धट मागणी घेऊन आला. शिवाच्या कोपातून एक भुकेले भूत निघाले आणि त्याला खायला धावले. राहू शरण गेला, तेव्हा भुकेल्याला स्वतःलाच खायला सांगण्यात आले. त्याने खाल्ले, उरले ते तोंड. ते शिवाने दारावर बसवले. सारे गिळू पाहणारी भूक देवळाबाहेर हाकलली नाही की गाभाऱ्यातही घेतली नाही, तिला उंबरठा दिला.

राहूच्या जोडीचा केतू दोन अर्थांनी वावरतो. एक म्हणजे दुसरा पात. दुसरा अर्थ त्याहून जुना, तो धूमकेतूचा. वराहमिहिराने धूमकेतूंना स्वतंत्र अध्याय दिला आहे. कोणी ते एकशे एक मानतात, कोणी एक हजार, नारदाच्या मते एकच केतू नाना रूपांनी दिसतो, असे तो नोंदवतो. आणि मग स्वच्छ सांगतो की केतूचे उगवणे आणि मावळणे गणिताने कळत नाही. येथे आपले गणित चालत नाही, असे म्हणायलाही शास्त्रज्ञाचे मन लागते. एडमंड हॅलीने १७०५ मध्ये एका धूमकेतूची कक्षा मांडून तो १७५८ च्या सुमारास परतेल असे सांगितले, आणि तो परतला. तेव्हाच ही सीमा पहिल्यांदा ओलांडली गेली.

याच बृहत्संहितेत उत्पातांचा, म्हणजे अपशकुनी घटनांचाही अध्याय आहे. प्रकृतीहून वेगळे घडते तो उत्पात, अशी व्याख्या तो करतो. पण पुढे ऋतुवार एक यादी येते: चैत्र-वैशाखात सूर्याभोवती खळे पडले, धूळ उडाली, धुरकट झाले, उगवता-मावळता सूर्य लालभडक दिसला तर तो उत्पात समजू नये, तो ऋतूचा स्वभाव आहे. आज शकुन-अपशकुनांची यादी म्हणून आपण तो अध्याय बाजूला सारतो. पण अपशकुनांच्या यादीतून एकेक नाव वगळत जाणे हेही एक काम होते, आणि निरीक्षणाशिवाय ते करता आले नसते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. गणितात ‘केऑस’ नावाची शाखा आहे. एडवर्ड लोरेन्झने १९६३ मध्ये हवामानाच्या समीकरणांवरून जे दाखवले त्यातून ती फोफावली. नियम पूर्ण ठाऊक असूनही सुरुवातीच्या मोजमापातली बारीकशी चूक वाढत जाते आणि फार पुढचे भाकीत करता येत नाही, असा तिचा आशय आहे. निर्ऋती, राहू किंवा शिवाचे तांडव यांत ही कल्पना आधीच होती असे सांगणारी भाषणे आपण ऐकतो. ती नव्हती. समुद्रमंथनात समीकरण नाही. आपल्या पूर्वजांना जे श्रेय द्यायचे ते १५,९३,३३६ आणि २,३२,२२६ या आकड्यांसाठी द्यावे. ते भरपूर आहे, आणि तपासून पाहता येते.

आता तिसरी वस्तू. ती अजून हिशेबात आलेली नाही.

अधिक महिना चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षाशी जुळवतो. पण सूर्याचे वर्ष कोणते? एखाद्या ताऱ्यापासून निघून सूर्य पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येतो ते नाक्षत्र वर्ष, ३६५.२५६४ दिवसांचे. ऋतू फिरून येतात ते सांपातिक वर्ष, ३६५.२४२२ दिवसांचे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे हा फरक पडतो. फरक वीस मिनिटांचा. सुमारे ७२ वर्षांत तो एक दिवस होतो. आपली पंचांगे नाक्षत्र, म्हणजेच निरयन वर्ष धरतात. त्यामुळे महिने ऋतूंच्या पुढेपुढे सरकत आहेत. मकर संक्रांत हा उत्तरायणाचा दिवस. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी तो खरोखरच तसा होता. आज सूर्य २१-२२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो, आणि आपण तिळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला. १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला होती. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर संक्रांत कोसळली असे आपण म्हणतो, ते लाक्षणिक अर्थानेच घ्यायला हवे. त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

हे चलन आपल्याकडे कोणाला कळले नव्हते असे नाही. उत्तरायण पूर्वी धनिष्ठेच्या आरंभी होत होते आणि आता मकरेच्या आरंभी होते, हे वराहमिहिराने नोंदले आहे. सूर्यसिद्धान्ताने गती दिली, वर्षाला ५४ विकला. आजचा आकडा सुमारे ५० आहे. पण त्याने असेही म्हटले की हे चलन २७ अंश जाते आणि मग मागे फिरते, घड्याळाच्या लंबकाप्रमाणे. त्याच्या हिशेबाने इ.स. ४९९ पासून १८०० वर्षांनी, म्हणजे २२९९ साली, ते मागे वळायला हवे. ते वळणार नाही. आपोआप परत येणाऱ्या गोष्टीसाठी पंचांग कशाला बदला, असे वाटण्यात या लंबकाचा मोठा वाटा असावा, असे मला वाटते. ऋत स्वतःहून सावरेल हा विश्वास येथे आड आला.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात यावर कडाक्याचा वाद झाला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी वेधांशी जुळणारे पंचांग सुरू केले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ऋतूंशी जुळणाऱ्या सायन पंचांगाचा पक्ष घेतला. दीक्षित पेशाने शिक्षक. शाळेतली नोकरी सांभाळून त्यांनी लिहिलेला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली मराठीत प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासकांना त्याच्याकडे वळावे लागते. वाद मात्र मिटला नाही. टिळक पंचांगाचा राशींचा आरंभबिंदू इतर पंचांगांहून सुमारे चार अंशांनी वेगळा आहे. त्यामुळे संक्रांती वेगळ्या दिवशी पडतात, आणि एखाद्या वर्षी अधिक महिनाच वेगळा येतो. मग कोकणातल्या आणि पुण्यातल्या काही घरांत गणपती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या महिनाभर आधी बसतो. चोराचा माग दोघांनीही काढला, पण घरे दोन निघाली.

१९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने कालगणना सुधार समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून सांपातिक वर्षावर आधारलेले राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. राजपत्रावर त्याची तारीख छापली जाते. सण त्याप्रमाणे कोणी करीत नाही.

उत्तरायण केव्हा होते हे कसे पाहावे, ते वराहमिहिराने त्याच ठिकाणी सांगून ठेवले आहे. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याची जागा दूरच्या खुणेशी ताडून पाहावी, किंवा मोठे वर्तुळ आखून त्यात छाया कोठे शिरते आणि कोठून निघते याच्या खुणा कराव्यात. शाळेच्या मैदानावर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी करून मध्यान्हीची सावली मोजली तरी पुरे. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला ती सुमारे ९० सेंटिमीटर भरते. संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला, ती सुमारे ८३ सेंटिमीटर असते.